रक्त न लागलेला नकाशा

२६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्याचा खटला म्हटलं की लोकांना अजमल कसाब आठवतो. आर्थर रोड तुरुंगातल्या त्या विशेष न्यायालयात त्याच्याखेरीज आणखी दोघे आरोपी म्हणून बसत, दोघेही भारतीय, हे फार थोड्यांच्या लक्षात आहे. हल्ल्याच्या ठिकाणांचे हाताने काढलेले नकाशे त्यांनी पुरवले, असा त्यांच्यावर आरोप होता. त्यासाठीचा मोठा पुरावा म्हणजे गिरगाव चौपाटीजवळ मारल्या गेलेल्या अबू इस्माईलच्या पँटच्या खिशातून निघालेला एक नकाशा. देशाविरुद्ध युद्ध पुकारल्याचा आरोप, शिक्षा फाशीपर्यंतची, आणि त्या दोघांच्या जिवाचा निकाल बराचसा या एका कागदावर.

पँट रक्ताने भिजलेली होती. तिच्या खिशातून निघालेल्या नकाशावर मात्र रक्ताचा एकही डाग नव्हता.

न्यायाधीश एम. एल. तहलियानी यांनी ३ मे २०१० रोजी कसाबला दोषी ठरवलं आणि त्याच दिवशी या दोघांना निर्दोष सोडलं. डाग नसलेल्या त्या कागदाची नोंद त्यांनी निकालात घेतली. पुढे उच्च न्यायालयाने आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ही सुटका कायम ठेवली. दोघांपैकी एकाचे वकील होते शाहिद आझमी. तरुणपणी टाडाखाली स्वतः तुरुंगात राहिलेला, तिथेच अभ्यासाला लागलेला आणि सुटल्यावर वकील झालेला हा माणूस. ११ फेब्रुवारी २०१० रोजी कुर्ल्यातल्या त्यांच्या कार्यालयात त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. निकाल ऐकायला ते राहिले नाहीत. त्यांच्यावर पुढे सिनेमा निघाला आणि तो अनेकांनी पाहिला. मला मात्र त्यांच्या कामातली कागद आणि कपडा शेजारी ठेवून पाहण्याची नजर जास्त महत्त्वाची वाटते, कारण खुनाच्या खटल्यात बचावाचं खरं काम तेच आहे. बाहेरच्यांना वाटतं की हे खटले भाषणांवर जिंकले जातात. ते जिंकले जातात वाचनावर. ज्यांच्या वाट्याला हे वाचन येत नाही त्यांचं काय होतं, हे सांगण्यासाठीच मी हे किस्से लिहायला घेतले.

मी जिल्हा न्यायालयात फौजदारी बचावाचं काम करते. त्यातलं पुष्कळसं विधी सेवा प्राधिकरणाकडून आलेलं, म्हणजे ज्यांना वकील परवडत नाही अशांचं. दोषारोपपत्राची प्रत आरोपीला फुकट मिळते, तो त्याचा हक्कच आहे. पण हातात पडते ती झेरॉक्सवरून काढलेली झेरॉक्स. शवविच्छेदनाचं पान काळपट, डॉक्टरांचं अक्षर त्यात बुडालेलं. पंचनाम्याच्या कडेच्या ओळी कापल्या गेलेल्या. अर्ज करून मूळ कागद पाहायचे, हाताने उतरवून घ्यायचे. कंटाळवाणं काम आहे, आणि सगळा खटला त्यातच असतो.

माझे सीनियर नव्या ज्युनिअरला पहिल्या दिवशी कायद्याचं पुस्तक देत नसत. एक कोरा ताव देत आणि म्हणत, "वेळा लिही." फिर्याद किती वाजता नोंदली, स्टेशन डायरीत किती वाजता चढली, मरणोत्तर पंचनामा कधी सुरू झाला आणि कधी संपला, प्रेत रुग्णालयात कधी पोचलं, अटक किती वाजता दाखवली. ताव भरला की तपासाच्या शिवणी दिसायला लागतात. फिर्याद रात्री अकराला नोंदली आणि तीत आरोपीचं नाव ठळक आहे, असं पोलिसांचं म्हणणं. पण मध्यरात्रीनंतर झालेल्या मरणोत्तर पंचनाम्यावर गुन्हा नंबरच नाही आणि मारणारा 'अनोळखी इसम' आहे. मग अकरा वाजताची ती फिर्याद खरोखर केव्हा लिहिली गेली? हा प्रश्न साक्षीदाराला ओरडून विचारावा लागत नाही. तो कागदच विचारतो.

सीनियरांच्या कपाटात जुनी दाते पंचांगं वर्षावार लावून ठेवलेली होती. अशिलांना वाटे, साहेब मुहूर्त पाहतात. ते तिथी पाहत. घटना रात्रीची असेल, गावकुसाबाहेरची असेल आणि साक्षीदार 'चांदण्यात चेहरा ओळखला' म्हणत असेल, तर त्या रात्री चंद्र होता का, होता तर कधी उगवला आणि कधी मावळला, हे आधी पाहून ठेवायचं. एका खटल्यात साक्षीदाराने चांदण्याचं वर्णन फार तपशिलात केलं. सीनियर मध्ये बोलले नाहीत, ते सगळं नोंदवू दिलं. मग शांतपणे पंचांग पुढे केलं. ती रात्र वद्य चतुर्दशीची होती. अमेरिकेत १८५८ साली अब्राहम लिंकन यांनीही खुनाच्या एका खटल्यात हेच केलं होतं. दीडशे फुटांवरून चंद्रप्रकाशात सगळं पाहिल्याचं साक्षीदार सांगत होता. लिंकननी पंचांगासारखं वार्षिक पुस्तक काढून दाखवलं की त्या वेळी चंद्र मावळतीला टेकला होता. आरोपी सुटला. सीनियरांना हा किस्सा ठाऊक होता, पण पंचांगाची सवय त्यांना त्यांच्या वडिलांकडून लागली होती.

मग मुद्देमाल. तो पाहायचा तर न्यायालयाची परवानगी काढावी लागते. नाझरच्या ताब्यातल्या खोलीतून कापडात शिवलेली पाकिटं बाहेर येतात. वर लाखेचं सील, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी, वस्तूचा नंबर. बरेच वकील साक्षीच्या दिवशीच हा मुद्देमाल पहिल्यांदा पाहतात. आधी जाऊन पाहिलं तर काय हाती लागेल ते सांगता येत नाही. एकदा मयताच्या अंगावरचा म्हणून जप्त केलेला शर्ट मी पाहायला काढला. शवविच्छेदनाच्या नोंदींत छातीवर दोन भोसकल्याच्या जखमा होत्या. शर्टावर वाळलेलं रक्त भरपूर होतं, पण कापड कुठेच फाटलेलं नव्हतं. शर्ट उजेडात धरून मी तो इंचाइंचाने पाहिला, शेजारी उभ्या क्लार्कनेही पाहिला. डॉक्टर साक्षीला आले तेव्हा मी एवढंच विचारलं, की ही जखम अंगावर हा शर्ट असताना होऊ शकते का. डॉक्टरांनी शर्ट हातात घेतला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला आणि सरळ उत्तर दिलं, "नाही." प्रामाणिक साक्षीदार भेटणं हेही बचावाचं मोठं भाग्य असतं. रासायनिक विश्लेषकाचा अहवाल त्याआधीच आलेला होता, आणि त्यात रक्तगटासमोर नेहमीचंच वाक्य होतं, निष्कर्ष काढता आला नाही.

पंचांबद्दल लिहायला बसलं तर पान पुरणार नाही. आरोपी पोलिसांच्या ताब्यात असताना पंचांसमोर म्हणतो, 'मी हत्यार लपवून ठेवले आहे, चला, काढून देतो', आणि त्याप्रमाणे खरंच काही सापडलं तर तेवढा भाग पुराव्यात येतो. पूर्वी हे पुरावा कायद्याचं कलम २७ होतं, आता नव्या अधिनियमात ते कलम २३ मध्ये गेलं. निवेदन आरोपीचं, पण भाषा बहुधा लिहिणाऱ्या हवालदाराची. तीन वेगवेगळे आरोपी, तीन वेगवेगळे दिवस, आणि तिघांची निवेदनं स्वल्पविरामापर्यंत सारखी, हे मी वाचलेलं आहे. न शिकलेला ऊसतोड मजूर 'सदर ठिकाणी' असं बोलत नाही. हे न्यायालयाला दिसावं म्हणून तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवावे लागतात.

आता एक गोष्ट सांगते जी वकिलांखेरीज कुणाला माहीत नसते, आणि जिच्यामुळे माणसं आत राहतात. साक्षीदार न्यायालयात सांगतो, 'आरोपीच्या हातात कोयता होता.' पोलिसांनी लिहून घेतलेल्या त्याच्या जबाबात कोयत्याचं नावही नसतं. उलटतपासात हे दाखवलं की ठरलेलं उत्तर येतं: 'मी पोलिसांना तसे सांगितले होते, माझ्या जबाबात का लिहिले नाही याचे कारण सांगता येणार नाही.' इथे काम अर्धंच झालेलं असतं. ज्या तपासी अंमलदाराने तो जबाब लिहिला, त्याला साक्षीच्या वेळी विचारावं लागतं, की साक्षीदाराने तुम्हाला हे सांगितलं होतं का. तो 'नाही' म्हणाला की तफावत शाबीत झाली. जबाबातल्या मजकुराशी विसंगती असेल तर तो भाग कंस करून 'पोर्शन मार्क ए' म्हणून खूण करून ठेवायचा आणि अंमलदाराकडून शाबीत करून घ्यायचा. हे राहिलं तर कायद्याच्या नजरेत ती तफावत अस्तित्वातच नसते. आणि अंमलदाराची साक्ष होते सगळ्यात शेवटी, कधी कधी काही वर्षांनी. तोवर अधिकाऱ्याची बदली झालेली असते, न्यायाधीशांची झालेली असते, आणि गरीब आरोपीच्या बाबतीत वकीलही बदललेला असतो. नव्या वकिलाला आधीच्या साक्षींत काय राहिलंय हे कुणी सांगत नाही. त्याला पहिल्या पानापासून बसावं लागतं. बसला तर.

वस्तू नेहमी आरोपीच्याच बाजूने बोलते असं मात्र समजू नये. नौदलाचे कमांडर कावस नानावटी यांचा खटला सगळ्यांना ठाऊक आहे. २७ एप्रिल १९५९ रोजी त्यांनी नौदलाच्या जहाजावरून रिव्हॉल्वर आणि सहा काडतुसं घेतली, मलबार हिलच्या परिसरातल्या 'जीवन ज्योत' इमारतीत जाऊन पत्नीचा प्रियकर प्रेम आहुजा याच्या शयनगृहात शिरले, तीन गोळ्या झाडल्या आणि नंतर स्वतःहून पोलिसांकडे गेले. बचावासाठी कार्ल खंडालावाला यांच्यासारखे नामांकित वकील उभे होते. 'ब्लिट्झ' साप्ताहिक आठवड्यामागून आठवडे आरोपीची बाजू मांडत होतं, गर्दी कमांडरांच्या नावाने घोषणा देत होती. बचाव असा की झटापट झाली आणि तीत गोळ्या सुटल्या. नऊपैकी आठ ज्युरींनी 'निर्दोष' म्हटलं.

पण आहुजा नुकताच न्हाऊन बाहेर आला होता. त्याच्या कमरेला टॉवेल होता, आणि मेल्यावरही तो टॉवेल जागच्या जागीच होता. गळ्याशी येण्याइतकी झटापट झाली असेल तर टॉवेल सुटला कसा नाही? सत्र न्यायाधीश आर. बी. मेहता यांनी ज्युरीचा निर्णय न मानता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. तिथे जन्मठेप झाली आणि २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. ज्युरीवरचा विश्वास देशात ओसरत गेला आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागाच उरली नाही. नानावटी पुढे राज्यपालांच्या माफीने सुटले. या खटल्याबद्दल बोलताना लोक प्रेम, अब्रू आणि गणवेश यांत रमतात. आमच्या बार रूममध्ये मात्र चर्चा टॉवेलावर येऊन थांबते.

नानावटींना उत्तम वकील मिळाले, वर्तमानपत्र मिळालं, राज्यपालांचा आदेश मिळाला, तुरुंगाऐवजी काही काळ नौदलाचा ताबा मिळाला. त्याच महाराष्ट्रात पुढे सहा माणसांना यातलं काहीही मिळालं नाही. त्यांच्याबद्दल मला सविस्तर लिहायचं आहे.

५ जून २००३ ची रात्र. नाशिकजवळच्या एका पेरूच्या बागेत राखणीला राहिलेल्या कुटुंबाच्या झोपडीत दरोडेखोर शिरले. पाच जणांना मारलं. त्यांतल्या पंधरा वर्षांच्या मुलीवर मारण्याआधी अत्याचार केला. मुलीची आई आणि एक मुलगा गंभीर जखमी होऊन वाचले. जिल्हा हादरला, आणि हादरायलाच हवा होता. पोलिसांवर दडपण आलं. भटक्या जमातीतल्या सहा जणांना अटक झाली, हातावर पोट असलेली, मजुरी करणारी ही माणसं. जून २००६ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. मार्च २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवून तिघांची जन्मठेप केली. मग ३० एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप झालेल्या त्या तिघांनाही परत फाशी सुनावली. तीन पायऱ्यांवरची तीन न्यायालयं, आणि सहाही जण दोषी.

त्या २००९ च्या निकालात 'रावजी' नावाच्या १९९६ च्या एका निवाड्याचा आधार घेतला होता. शिक्षा ठरवताना गुन्हा पाहायचा, गुन्हेगार नव्हे, असं त्याचं म्हणणं. १९८० च्या बचन सिंग खटल्यातल्या घटनापीठाने याच्या नेमकं उलट सांगितलेलं आहे: माणसाची परिस्थितीही पाहिलीच पाहिजे. १३ मे २००९ रोजी, म्हणजे नाशिकच्या निकालानंतर तेराच दिवसांनी, सर्वोच्च न्यायालयाच्याच दुसऱ्या खंडपीठाने बरियार खटल्यात 'रावजी' चुकीचा ठरवला. तेरा दिवस आधी ही बाब कुणी मांडली असती तर, हा विचार मला आजही सोडत नाही. २०१२ मध्ये चौदा निवृत्त न्यायमूर्तींनी राष्ट्रपतींना पत्रं लिहून अशा चुकीच्या आधारावरच्या फाशी रद्द करण्याची विनंती केली. त्याच वर्षी कळलं, की सहांपैकी एक जण घटनेच्या वेळी अठरा वर्षांचाही नव्हता. इतकी वर्षं तो फाशीचा कैदी म्हणून राहिला होता.

त्यानंतर आला तो कागद. २०१४ पासून फाशीच्या खटल्यातली पुनर्विचार याचिका खुल्या न्यायालयात ऐकली जाते. त्यामुळे ऑक्टोबर २०१८ मध्ये २००९ चा निकाल मागे घेतला गेला आणि अपिलं नव्याने उघडली. नव्याने वाचताना समोर आलं ते असं. घटनेनंतर दोनच दिवसांनी, ७ जून २००३ रोजी, वाचलेल्या त्या आईला पोलिसांनी सराईत गुन्हेगारांच्या फोटोंचा अल्बम दाखवला होता. विशेष कार्यकारी दंडाधिकाऱ्यांसमोर तिने चार जणांचे फोटो ओळखले. त्या चौघांत या सहांपैकी एकही नव्हता. आणि त्या चौघांना अटक झाली नाही, त्यांची चौकशी झाली नाही, खटल्यात त्यांचं पुढे काही झालं नाही.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा आरोपींच्या आधी मला ती आई आठवली. घर संपलेलं, अंगावर जखमा, आणि तशा अवस्थेत तिने डोळे उघडून चार चेहऱ्यांवर बोट ठेवलं. तिचं बोलणं तपासाच्या कागदांत तसंच पडून राहिलं. आम्हाला लोक विचारतात, 'तुम्हाला बळींचं काही वाटत नाही का?' त्या कागदाकडे सुरुवातीपासून कुणी नीट पाहिलं असतं तर तिलाच सगळ्यात आधी न्याय मिळाला असता. चुकीच्या माणसाला फाशी सुनावली की खऱ्याला मोकळीक मिळते. बचाव पक्षाचा वकील कागद वाचतो तेव्हा तो बळीचंही काम करत असतो, असं मी मानते आणि ठामपणे मानते.

५ मार्च २०१९ रोजी न्यायमूर्ती ए. के. सिक्री, एस. अब्दुल नझीर आणि एम. आर. शहा यांच्या खंडपीठाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. राज्य सरकारने प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यावी, चुकलेल्या अधिकाऱ्यांवर कारवाई करावी आणि आईने ओळखलेल्या त्या चौघांबाबत पुढचा तपास करावा, असे आदेश दिले. बहुतेक जणांची सोळा वर्षं गेली होती. त्यांच्या बायका, मुलं, आईबाप यांची किती गेली ते कुठल्या निकालात लिहिलेलं नसतं.

असं का होतं याचं एक उत्तर मध्य प्रदेशातल्या खांडव्यात मिळतं. २०१३ साली तिथे एका बालिकेवरच्या अत्याचाराच्या आणि खुनाच्या खटल्यात आरोपीला सरकारी खर्चाने वकील नेमला गेला आणि त्याच दिवशी दोषारोप निश्चित झाले. १९ फेब्रुवारीला वकील आला, ४ मार्चला फाशी सुनावली गेली. एवढ्या दिवसांत वकिलाने दोषारोपपत्र वाचायचं, मुद्देमाल पाहायचा, आरोपीला भेटायचं, डॉक्टरचा उलटतपास तयार करायचा. डिसेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला आणि नियम घालून दिला: जन्मठेप किंवा फाशी होऊ शकते अशा खटल्यात नेमलेल्या वकिलाला किमान दहा वर्षांचा अनुभव हवा, आणि तयारीला साधारण किमान सात दिवस मिळायला हवेत. खांडव्यातला खटला नव्याने चालला, पुन्हा शिक्षा झाली, पुन्हा वरून परत आला, आणि २०२४ मध्ये तो माणूस निर्दोष सुटला. अकरा वर्षांनी.

सात दिवस ही मोठी मागणी नाही. शर्ट उजेडात धरून पाहायला तेवढे लागतातच.

तुरुंगातल्या मुलाखतीबद्दलही सांगायला हवं. जाळीच्या पलीकडे आरोपी, अलीकडे आम्ही, शेजारी दुसऱ्याची मुलाखत चालू, आवाज आवाजात मिसळलेले. पहिल्या भेटीत आरोपी घटनेबद्दल बोलत नाही. तो विचारतो, "ताई, आईला कळवलं का?" त्याला वाटतं, मीही सरकारचीच माणूस, सरकारनेच पाठवली. विश्वास बसायला दोन-तीन भेटी लागतात. मग एखाद्या दिवशी तो सहज बोलून जातो, "मला तर मंगळवारीच उचललं होतं." कागदावर अटक शुक्रवारची. चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करायचं हा घटनेतला नियम, आणि त्याआधीच्या तीन दिवसांचा कुठे उल्लेखच नाही. आता मला मंगळवार शोधायचा असतो: गावातल्या दुकानदाराकडे, रोजंदारीच्या हजेरीपटावर, फोनच्या नोंदीत. भेटायलाच गेलं नाही तर मंगळवार कधीच सापडत नाही.

'अशांची केस घेताच कशाला?' हा प्रश्न घरातूनही येतो. मार्च २००९ मध्ये कसाबसाठी अॅड. अंजली वाघमारे यांची नेमणूक झाली त्या रात्री त्यांच्या वरळीच्या घरासमोर जमाव जमला, दगडफेक झाली. मुंबईत वकिलांच्या संघटनेने त्याची बाजू घ्यायची नाही असा ठरावही केला होता. पुढच्या वर्षी, डिसेंबर २०१० मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की वकील संघटनांचे असे ठराव बेकायदा आणि वकिली धर्माला सोडून आहेत. कसाबला सर्वोच्च न्यायालयापर्यंत वकील मिळाले, तिथे राजू रामचंद्रन यांनी त्याची बाजू मांडली, आणि फाशी कायम झाली. म्हणूनच त्या निकालावर जगात कुणाला बोट ठेवता आलं नाही. आणि त्याच खटल्यात वकील होते म्हणून त्या दोघांचा नकाशा कुणीतरी नीट पाहिला. २०१२ च्या त्या निकालातच न्यायालयाने सगळ्या दंडाधिकाऱ्यांना बजावलं आहे: आरोपी पहिल्यांदा समोर येताच त्याला सांगा, की तुला वकिलाचा हक्क आहे, परवडत नसेल तर सरकार देईल.

रिमांडच्या त्या पहिल्या दिवशी वकील काय करू शकतो, हे तरुण मुलंमुली मला विचारतात. जामीन मिळणार नाही, कागद मिळालेले नसतात, पाच मिनिटं असतात. मी सांगते, अटक पंचनाम्यातला वयाचा रकाना पाहा. तो पुष्कळदा समोरच्या माणसाकडे बघून भरलेला असतो. आरोपीला विचारा, शाळेत गेला होतास का, कुठल्या, नाव काय लावलं होतं.

१९९४ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात एका कुटुंबातल्या पाच स्त्रिया आणि दोन मुलांचा खून झाला. राजस्थानातून कामाला आलेला एक मुलगा आरोपींमध्ये होता. कागदावर त्याचं नाव वेगळं लागलं आणि वय मोठं लागलं. १९९८ मध्ये फाशी सुनावली गेली, २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. बिकानेर जिल्ह्यातल्या त्याच्या गावच्या शाळेत मात्र त्याचं खरं नाव आणि १ फेब्रुवारी १९८२ ही जन्मतारीख नोंदलेली होती. घटनेच्या दिवशी तो साडेबारा वर्षांचा होता. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातल्या 'प्रोजेक्ट ३९ए' च्या वकिलांनी त्याच्या बाजूने काम केलं, २०१८ मध्ये अर्ज गेला, पुण्याच्या जिल्हा न्यायाधीशांनी चौकशी करून अहवाल पाठवला, आणि २७ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडण्याचा आदेश दिला. एवढ्या वयाच्या मुलाला कायद्याने जास्तीत जास्त तीन वर्षं सुधारगृहात ठेवता येतं. तो अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ तुरुंगात होता. ते शाळेचं रजिस्टर १९९४ मध्येही त्या गावातच होतं, आणि पहिल्या रिमांडच्या दिवशी 'कुठल्या शाळेत होतास?' एवढं विचारून गावाला एक पत्र टाकलं असतं तर हाती आलं असतं.